वाचकांचे प्रश्न : चाळीस मजकूर, एक सारांश

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची निघाली: निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेला ढीगभर मजकूर संगणकाकडून आटोपशीर कसा करून घ्यायचा? म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एकाच घटनेवरच्या चाळीस बातम्या एकत्र चिकटवून चॅटबॉटला ‘सारांश कर’ म्हटलं. भाषा छान आली, पण एकच मुद्दा तीन वेगळ्या शब्दांत आला आणि दोन महत्त्वाच्या गोष्टी गायबच झाल्या. असं का?

उत्तर : एका लेखाचा सारांश आणि अनेक लेखांचा सारांश ही दोन वेगळी कामं आहेत. एका लेखाचा लेखक तीच गोष्ट सहसा दोनदा सांगत नाही, घटनांचा क्रम त्यानेच लावलेला असतो आणि स्वतःचंच म्हणणं तो खोडून काढत नाही. चाळीस बातम्यांत या तिन्ही गोष्टी कोलमडतात. मजकूर छोटा करणं हा त्यातला सोपा भाग. पुनरुक्ती ओळखणं, विसंगती पकडणं आणि ‘हे नेमकं कोण म्हणालं’ याचा हिशेब शेवटपर्यंत सांभाळणं, यातच सगळी मेहनत आहे.

तुमच्या बाबतीत बहुधा दोन गोष्टी झाल्या असाव्यात. एक म्हणजे, चाळीसपैकी बऱ्याच, समजा वीस, बातम्या एकाच वृत्तसंस्थेची कॉपी असणार: शीर्षक बदललेलं, एखादा परिच्छेद वर-खाली केलेला. मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटमागच्या भाषा-प्रणालीला, मात्र ते वीस स्वतंत्र साक्षीदार वाटतात. वीस वेळा आलेलं वाक्य पुढे सरकतं आणि एकाच वार्ताहराने खणून काढलेली माहिती मागे पडते. दुसरं, मजकूर फार लांब झाला की मॉडेल सुरुवातीचा आणि शेवटचा भाग चांगला वापरतं, मधल्याकडे त्याचं दुर्लक्ष होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. तुमच्या साधनात हा दोष किती आहे ते तपासायची युक्ती सोपी आहे. तेच चाळीस मजकूर उलट्या क्रमाने देऊन पुन्हा सारांश काढा. जे मुद्दे दोहोंपैकी एकातच आले, त्यांचं येणं-न येणं बहुधा महत्त्वावर नव्हे, जागेवर ठरलं.

म्हणून पहिलं काम नकला काढण्याचं. प्रत्येक मजकुराचे सलग पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडा (शब्द १ ते ५, २ ते ६, ३ ते ७ असे). दोन मजकुरांत सामाईक तुकडे किती, भागिले दोन्हींतले मिळून वेगवेगळे तुकडे किती, हे गुणोत्तर काढा. ०.८ च्या वर गेलं तर नक्कल समजा, ०.५ ते ०.८ मध्ये असेल तर डोळ्यांनी बघा. गटातला सर्वांत जुना मजकूर प्रतिनिधी म्हणून ठेवा आणि बाकीचे फेकून न देता ‘याच्याच प्रती’ अशी नोंद करा. एखाद्या प्रतीत शेवटी जोडलेला नवा परिच्छेद असतो, आणि नेमकी ताजी माहिती तिथेच सापडते.

चाळीस मजकुरांच्या जोड्या होतात ७८०. साधा प्रोग्रॅम त्या क्षणात तपासतो. दहा हजार मजकुरांच्या मात्र जवळपास पाच कोटी होतात. तिथे मिनहॅश वापरतात: प्रत्येक मजकुराच्या तुकड्यांवरून थोडेसे आकडे (हॅश) काढायचे आणि पूर्ण मजकुरांऐवजी तेच ताडायचे. वेबपानांच्या नकला शोधण्यासाठी आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली होती. १२८ हॅश घेऊन त्यांचे आठ-आठचे सोळा पट्टे केले आणि एखादा पट्टा पूर्ण जुळलेल्या जोड्याच घेतल्या, तर मुख्यतः साधारण ०.७ पेक्षा जास्त साम्य असलेल्या जोड्या तपासणीसाठी पुढे येतात.

प्रश्न : आमच्याकडे सगळंच मिश्र आहे: पीडीएफ अहवाल, स्कॅन केलेली जुनी पत्रं, बैठकींची इतिवृत्तं, ईमेल, मुलाखतींचं शब्दांकन. सुरुवात कुठून करायची? पायऱ्या सांगाव्यात.

उत्तर : सारांशाचं बटण दाबण्याआधीच अर्ध्याहून जास्त काम होऊन जायला हवं.

आधी मजकूर नीट बाहेर काढा. दोन रकान्यांच्या पीडीएफमधून थेट कॉपी केली, तर डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्याच्या ओळीला चिकटते आणि दोन अर्धवट वाक्यांचं एक भलतंच वाक्य तयार होतं. मॉडेल तक्रार करत नाही, त्यालाही अर्थ लावून मोकळं होतं. प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा येणारं शीर्षक, तळटीप, पान क्रमांक काढून टाका, नाहीतर संस्थेचं नावच सर्वांत ‘महत्त्वाचा’ शब्द ठरतं. तक्ते वेगळे काढा. सलग मजकुरात ओतलेल्या तक्त्यातला आकडा कुठल्या रकान्याचा हे नंतर कुणालाच कळत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी पीडीएफ कॉपी केली की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. ती त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, किंवा सरळ पानाची प्रतिमा करून ओसीआर करा, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. ओसीआरनंतर आकडे मुद्दाम तपासा: ५ आणि ४, ६ आणि ९, १ आणि ९ यांची अदलाबदल नेहमीची.

मग प्रत्येक मजकुराला क्रमांक द्या आणि त्याच्याबरोबर चार गोष्टी लिहा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या तारखांबद्दल लिहिलं, आणि प्रकार कोणता (अधिकृत दस्तऐवज, बातमी, मत, संभाषण). दुसरी आणि तिसरी गोष्ट एकच समजून चालतात आणि तिथेच फसतात. मार्चमध्ये लिहिलेला अहवाल जानेवारीची स्थिती सांगत असतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: सापेक्ष शब्द सोडवणं. १४ तारखेच्या ईमेलमधलं ‘काल’ म्हणजे १३, १६ तारखेच्या इतिवृत्तातलं ‘काल’ म्हणजे १५. मजकूर एकत्र झाल्यावर दोन्ही ‘काल’ एकच होतात. म्हणून ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘वरील समिती’, ‘त्यांनी सांगितलं’ अशा ठिकाणी खरी तारीख किंवा नाव चौकटी कंसात भरा. हे काम मॉडेल चांगलं करतं, पण एका वेळी एकच मजकूर आणि त्याची तारीख हातात दिली तरच.

आता तुकडे पाडा: ३०० ते ५०० शब्दांचे, परिच्छेद न तोडता, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मूळ शीर्षक व क्रमांक ठेवून. मराठी मजकूर अनेक मॉडेलांत त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं ते) खातो, तेव्हा मर्यादा शब्दांवर न मोजता टोकनवर मोजा.

प्रत्येक तुकड्याचा सारांश काढू नका; त्यातली विधानं काढा. एक विधान म्हणजे एक ओळ, आणि ओळीत मूळ शब्द जसेच्या तसे. उदाहरणार्थ:

वि-१७ । पुलाची पूर्वेकडील मार्गिका बंद । १३ जून । स्रोत ०९, परिच्छेद ४ । मूळ: ‘पूर्वेकडील मार्गिका पुढील सूचनेपर्यंत बंद राहील’

मूळ शब्दांचा हा शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढची सगळी तपासणी त्याच्यावर उभी आहे. अवतरण मूळ मजकुरात अक्षरशः सापडतं का, हे साध्या ‘शोधा’ आज्ञेने पाहता येतं. सापडलं नाही तर ते विधान तिथेच बाद.

मग सारख्या विधानांचे गट करा. यासाठी एम्बेडिंग, म्हणजे वाक्याच्या अर्थाचे आकड्यांत केलेले रूप, वापरतात. किती साम्याला ‘सारखं’ म्हणायचं ही रेषा प्रत्येक मॉडेलची वेगळी. पन्नासेक जोड्या हाताने तपासून ती ठरवा, दुसऱ्याची उसनी घेऊ नका. एक धोका मात्र कायम: ‘१२० जण जखमी’ आणि ‘२१० जण जखमी’ ही वाक्यं एम्बेडिंगला जवळजवळ एकच वाटतात. ‘परवानगी दिली’ आणि ‘परवानगी दिली नाही’ यांचंही तेच. म्हणून गट झाल्यावर त्याच्या आत आकडे, तारखा आणि नकार वेगळे काढून ताडून पाहा.

लिहिणं सगळ्यांत शेवटी. गटांची यादी मॉडेलला द्या आणि अट घाला की प्रत्येक वाक्याच्या शेवटी विधान-क्रमांक हवाच. ज्याला क्रमांक नाही ते वाक्य लिहायचं नाही. क्रम घटनेचा असेल तर तारखेने, धोरणाचा असेल तर विषयाने लावा. क्रम मॉडेलवर सोडला, तर पहिल्या स्रोताने घेतलेला क्रमच अंतिम होतो.

प्रश्न : तीन अहवाल, तीन आकडे. सारांशात कुठला घ्यायचा? सरासरी चालेल का?

उत्तर : सरासरी अजिबात नको, ती कुठल्याच स्रोताने न सांगितलेली गोष्ट असते.

आधी फरक का पडला ते शोधा. बहुतेक वेळा कारण वेळेचं असतं: सकाळी १२, संध्याकाळी १५. ही विसंगती नव्हेच, ही वाढ आहे. ती ‘सकाळच्या माहितीनुसार १२, संध्याकाळी ७ वाजता १५’ अशीच लिहावी. दुसरं कारण व्याख्येचं. एकाने फक्त कायम कर्मचारी मोजले, दुसऱ्याने कंत्राटीही धरले. तिसरं कारण एककाचं: दशलक्ष आणि लाख यांची गफलत झाली की आकडा बरोबर दहा पटींनी चुकतो. म्हणून दोन स्रोतांत नेमका दहा पटींचा फरक दिसला की आधी एकक बघा. आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांचा घोळही याच जातीचा. ही तिन्ही कारणं बाद झाली की मगच तो खरा मतभेद.

खरा मतभेद असेल तर दोन्ही आकडे स्रोतासह द्या, आणि एकाला झुकतं माप देत असाल तर कारण त्याच वाक्यात लिहा. ‘जास्त स्रोतांनी सांगितलं म्हणून’ हे कारण तेव्हाच चालतं, जेव्हा ते स्रोत एकमेकांवरून उतरवलेले नाहीत याची खात्री असते. पाच बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकावरून आल्या असतील, तर तो एकच आवाज. एखादी चूक सगळ्यांत एकाच विचित्र रूपात दिसणं, उदाहरणार्थ सगळीकडे तीच शुद्धलेखनाची चूक, ही उतरवल्याची हमखास खूण.

मॉडेलला स्पष्ट सांगावं लागतं की विसंगती मिटवू नकोस, दाखव. न सांगितल्यास ते ‘सुमारे १५’ असं गुळमुळीत काहीतरी लिहून मोकळं होतं. त्या ‘सुमारे’च्या आड पूर्ण वाद लपलेला असतो.

प्रश्न : मोठी भाषिक मॉडेलं आल्यावर जुन्या, गणिती पद्धती शिकण्यात अर्थ आहे का? अभ्यासक्रमात अजून त्याच आहेत.

उत्तर : आहे. इतिहास म्हणून आहेच, पण रोजच्या वापरासाठीही आहे. १९५८ मध्ये आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी शब्द किती वेळा येतो यावरून महत्त्वाची वाक्यं निवडण्याची पद्धत मांडली. अनेक स्रोतांच्या दृष्टीने मोठी पायरी १९९८ ची. कार्बोनेल आणि गोल्डस्टीन यांनी मांडलेल्या एमएमआर पद्धतीत वाक्याला गुण देताना ते विषयाला किती धरून आहे ते बघतात, आणि आधी निवडलेल्या वाक्यांशी ते जितकं मिळतंजुळतं तितके गुण कापतात.

हिशेब करून पाहा. विषयाला ०.७ आणि पुनरुक्तीला ०.३ असं वजन धरू. वाक्य ‘अ’ची समर्पकता ०.९, पण आधीच निवडलेल्या वाक्याशी साम्य ०.८५. गुण: ०.६३ वजा ०.२५५, म्हणजे ०.३७५. वाक्य ‘ब’ची समर्पकता ०.७, साम्य फक्त ०.१. गुण: ०.४९ वजा ०.०३, म्हणजे ०.४६. ‘ब’ निवडलं जातं. पहिल्या प्रश्नातली तीनदा आलेली गोष्ट इथे दुसऱ्यांदाच अडली असती.

२००४ मधल्या लेक्सरँकमध्ये प्रत्येक वाक्य इतर वाक्यांना साम्याच्या धाग्याने जोडतात आणि ज्याला जास्त व वजनदार जोड मिळतात ते वर येतं. या सगळ्या पद्धती मूळ वाक्यंच उचलतात, नवं वाक्य बनवत नाहीत. त्यामुळे नसलेली माहिती जन्माला येत नाही. फारतर ‘त्यांनी’ म्हणजे कोण हे चुकतं. दोन हजार तुकड्यांतून मॉडेलला द्यायचे ऐंशी निवडायला एमएमआर आजही उत्तम, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

प्रश्न : मराठी सारांशांवर रूज गुण (संगणकाचा सारांश माणसाने लिहिलेल्या संदर्भ-सारांशाशी किती जुळतो ते सांगणारे) काढले तर सगळीकडे शून्य! संदर्भ-सारांशाशी शब्दन् शब्द जुळत असूनही. प्रोग्रॅममध्ये चूक सापडत नाही.

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम ठीक आहे. पायथनमधल्या रूज-स्कोअर या लायब्ररीचा मूळचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक सोडून बाकी सगळं पुसून टाकतो. देवनागरीतलं काहीच उरत नाही, म्हणून शून्य. स्वतःचा टोकनायझर द्यायची सोय त्यात आहे, ती वापरा.

तो लिहिताना पुढचा खड्डा टाळा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (शब्द शोधायच्या नमुन्यातलं) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे ‘शब्दातलं अक्षर’ अशा अर्थाचं चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना अक्षर मानत नाही. पायथनच्याच सायकिट-लर्न या लायब्ररीतला शब्दमोजणीचा मूळ नमुनाही तेच चिन्ह वापरतो आणि किमान दोन अक्षरांचा तुकडा मागतो. परिणामी ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दातून फक्त ‘तकऱ’ उरतं. म्हणून मराठी शब्द रिकाम्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडा, बाकी काही करू नका. त्याआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या केलेल्या रूपात आणा, कारण ‘ऱ’ एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असाही. दिसायला सारखे, तुलनेत वेगळे. न दिसणारे जोडक (अक्षरं जोडणारा झेडडब्ल्यूजे आणि ती जोडू न देणारा झेडडब्ल्यूएनजे) कुठे ठेवायचे, कुठे काढायचे हेही एकदाच ठरवून दोन्ही बाजूंना लावा.

एवढं करूनही ‘शेतकऱ्यांनी’, ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांच्या’ हे तीन वेगळे शब्द मोजले जातात. त्यामुळे मराठीतले गुण मुळातच कमी दिसतात, आणि इंग्रजी शोधनिबंधांतल्या गुणांशी त्यांची तुलना करू नये. विभक्तिप्रत्यय छाटून एकदा आणि न छाटता एकदा असे दोन्ही गुण द्या. शिवाय रूज मोजतं ते शब्दांचं जुळणं. ‘परवानगी दिली नाही’मधला ‘नाही’ गळला तरी गुण फारसे हलत नाहीत.

प्रश्न : सर्वेक्षणातली पाचशे खुली उत्तरं आहेत. मॉडेलने ‘बहुतेकांना वाटतं की…’ अशी सुरुवात केली. यावर विश्वास ठेवावा?

उत्तर : नाही. मॉडेलने मोजलेलं नसतं. ‘बहुतेक’ ही फक्त लिहिण्याची लकब. मोजणी वेगळी करा. आधी साठ-सत्तर उत्तरं स्वतः वाचून दहा-बारा मुद्दे पक्के करा. मग मॉडेलला एकेक उत्तर देऊन त्यात त्यातले कोणते मुद्दे आहेत एवढंच विचारा. एका उत्तरात दोन-तीनही असू शकतात. खुणा तक्त्यात भरा आणि बेरीज एक्सेलला करू द्या. सारांशात ‘५०० पैकी १४३ उत्तरांत’ असा आकडा येईल, तो तुमच्या तक्त्यातून. शंभर उत्तरांवर माणसाने लावलेल्या खुणांशी मॉडेलच्या खुणा ताडा. जिथे वारंवार फरक पडतो, तिथे बहुधा मुद्द्याची व्याख्याच सैल असते.

एक खास रकाना ठेवा: ‘विरळ पण गंभीर’. पाचशेपैकी एकानेच जिन्यात विजेचा धक्का बसल्याचं लिहिलं असेल, तर ते टक्केवारीत ०.२ आहे आणि तरी अहवालाच्या पहिल्या पानावर हवं. वारंवारतेवर चालणारी कुठलीही पद्धत ते गाळणार.

प्रश्न : मजकूर इतका आहे की तुकड्यांचे सारांश, मग त्या सारांशांचा सारांश असं करावं लागतं. अंतिम मसुदा प्रसिद्ध करण्याआधी काय तपासावं?

उत्तर : अशा चळतीत सर्वांत आधी झिजतात ते सावध शब्द. मूळ: ‘प्राथमिक अंदाजानुसार गळतीमुळे आग लागली असण्याची शक्यता आहे’. पहिल्या थरात ‘गळतीमुळे आग लागल्याचा अंदाज’. दुसऱ्या थरात ‘गळतीमुळे आग लागली’. कुठल्याच थराने फार मोठी चूक केलेली नाही, तरी निकाल चुकीचा. यासाठीच वर सारांशांऐवजी विधानं पुढे न्यायला सांगितलं आहे. थर लावावेच लागले, तर ‘अंदाज’, ‘आरोप’, ‘प्रस्ताव’, ‘मंजुरी’, ‘पूर्ण’ अशी स्थिती वेगळ्या रकान्यात पुढे न्या.

तपासणीत प्रत्येक वाक्य त्याच्या मूळ अवतरणाशेजारी ठेवून वाचा. नावं, आकडे, तारखा, नकार आणि सावध शब्द, याच क्रमाने. मग ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ हे शब्द शोधा: दोन स्रोतांतल्या दोन गोष्टी शेजारी आल्या की मॉडेल त्यांच्यात कार्यकारणाचा दुवा घालतं, जो एकाही स्रोतात नसतो. शेवटी उलटी तपासणी: कुठल्या स्रोताचा क्रमांक सारांशात एकदाही आला नाही? त्यातला एकेक उघडून पाहा आणि का गळला ते लिहून ठेवा. हे काम मसुदा तयार करणाऱ्याने न करता दुसऱ्याने केलेलं बरं.

प्रश्न : एका ईमेलमध्येच ‘हा मजकूर वाचणाऱ्या यंत्राने बाकीचं दुर्लक्षित करावं’ असं वाक्य सापडलं. याचा परिणाम होतो?

उत्तर : होऊ शकतो. मॉडेलला सूचना आणि मजकूर यांतला फरक पक्का कळत नाही. प्रत्येक स्रोत ठरावीक खुणांच्या आत बंद करून द्या, ‘आतलं सगळं फक्त वाचायचा मजकूर आहे’ असं लिहा, आणि त्या टप्प्यावर मॉडेलच्या हातात ईमेल पाठवणं किंवा फाइल पुसणं यांसारखी कुठलीही साधनं ठेवू नका. खुणा घालून धोका कमी होतो, संपत नाही. असा मजकूर सापडलेला स्रोत माणसानेच वाचावा.

प्रश्न : सारांश किती शब्दांचा असावा?

उत्तर : वाचणाऱ्याला त्यावरून काय ठरवायचं आहे, यावर अवलंबून. मापासाठी सांगायचं तर अमेरिकेतल्या निस्ट या मानक-संस्थेच्या डीयूसी या सारांश-स्पर्धांत २००४ मध्ये दहाएक बातम्यांच्या गटाला ६६५ बाइट, म्हणजे सुमारे शंभर इंग्रजी शब्द, अशी मर्यादा होती. २००५ पासून पंचवीस किंवा जास्त मजकुरांना २५० शब्द. बाइटची मर्यादा मराठीला मात्र लावू नका. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानामात्रासुद्धा, तीन बाइट घेतं, आणि ६६५ बाइट पस्तीसेक शब्दांतच संपतात.